चार माणसं, एक मुंबई आणि तिकिटांचे नाना प्रकार

नाताळच्या सुट्टीत मुंबई बघायची हे सईनं दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. ती दहावीत, म्हणजे पुढचं वर्षभर कुठं जाणं नाही. सासूबाईंची नणंद, म्हणजे ह्यांची आत्या, गिरगावात राहते, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. प्रश्न फिरण्याचा होता. स्वतःची गाडी न्यायची नाही यावर घरात एकमत झालं आणि मग मी ठरवलं की कशाला किती पैसे आणि ते कसे द्यावे लागतात, हे रोज रात्री लिहून ठेवायचं. गेटवे, राणीची बाग यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. तिकिटाबद्दल कुणी धड सांगत नाही.

शनिवार

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. बॅगा, लाडवांचा डबा, सासूबाईंची काठी, असा संसार घेऊन लोकलमध्ये शिरण्यात अर्थ नव्हता. बाहेर येऊन काळी-पिवळी केली. टॅक्सीचं कमीत कमी भाडं सध्या 31 रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरला. रिक्षाचं 26. हे दर 1 फेब्रुवारी 2025 पासूनचे. पण रिक्षाचा दर दक्षिण मुंबईत पाठ करून उपयोग नाही, कारण वांद्रे आणि सायनच्या खाली रिक्षा येतच नाही. कोल्हापुरात दारात रिक्षा उभी राहण्याची सवय असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. सईनं "रिक्षा कुठायत?" असं विचारलं तेव्हा टॅक्सीवाल्या काकांनी आरशातून तिच्याकडे असं काही बघितलं, की ती गप्पच बसली.

दुपारी आराम आणि संध्याकाळी डबलडेकर. जुन्या डिझेलच्या डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता आहेत त्या विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित. त्यातली पहिली फेब्रुवारी 2023 मध्ये ए-115 या मार्गावर धावली, सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह. नंबराच्या आधी 'ए' दिसला की बस एसी, हे आत्यानं निघताना सांगितलं होतं. सीएसएमटीपासून बसलो. सई जिना चढून वर पळाली, तिच्यामागे हे. सासूबाई आणि मी खाली.

कंडक्टर आले. सासूबाईंनी बटव्यातून आधार कार्ड काढून पुढं केलं.

"मास्तर, माझं अमृत हाय."

मास्तरांनी कार्ड बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाले, "आजी, ते एस.टी.त. ही बेस्ट आहे."

"सरकारचीच न्हवं?"

"महापालिकेची."

एस.टी.त पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास, म्हणजेच सासूबाईंचं 'अमृत', ऑगस्ट 2022 पासून आहे आणि सगळ्या बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. त्यामुळे लाल गाडीत बसलो की आमच्या घरातला पूर्ण तिकीट काढणारा एकटा पुरुषमाणूस, म्हणजे हे. मुंबईत चौघंही पूर्ण. बाहेरगावाहून येणाऱ्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे बसमध्ये वाद नको. आमच्याकडे वाद झाला नाही. पण "कोल्हापुरातनं आलो म्हणून न्हाई देत व्हय?" हा प्रश्न रात्री जेवतानाही निघाला.

मग सुट्ट्यांची गंमत. बेस्टचं कमीत कमी भाडं मे 2025 मध्ये दुप्पट झालं, साध्या बसला 5 चे 10 आणि एसीला 6 चे 12. चौघांचे 48. मी पन्नासची नोट दिली. मास्तरांनी चामड्याच्या पिशवीत बोटं फिरवली, नाण्यांचा आवाज ऐकवला आणि विचारलं, "तीन रुपये सुटे आहेत? पाच देतो." मी पर्स उघडली, सासूबाईंनी बटवा उघडला, समोरच्या बाकावरच्या बाईंनी न विचारता एक रुपया काढून दिला. असे सगळ्यांचे मिळून तीन रुपये जमले आणि पाचाचं नाणं माझ्या हातात आलं. त्या बाईंना त्यांचा रुपया द्यायला गेले तर त्यांनी हात झटकला. दर दहा ठेवला असता किंवा पंधरा ठेवला असता तर ही कसरत लागली नसती. पण बारा ठेवलाय खरा, तेव्हा बेस्टमध्ये बसायचं तर एक-दोन रुपयांची नाणी खिशात असू द्यावीत. दिवसभर बसनंच भटकायचं असेल तर दिवसाचा पासही मिळतो. आम्हाला एवढ्या फेऱ्या करायच्या नव्हत्या.

वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर बसलेली सई उतरायला तयार नव्हती, एवढं लिहिलं की त्या बसचं वर्णन पुरे. आत्या म्हणाली, मुंबईत डबलडेकर 1937 पासून आहे आणि पहिल्या बाकासाठी मारामारीही तेव्हापासूनच.

रविवार

रविवारी मुंबईकर घड्याळाआधी मेगाब्लॉक बघतात. रुळांच्या दुरुस्तीसाठी रेल्वे काही तास काही मार्ग बंद ठेवते आणि गाड्या दुसऱ्या रुळांवरून वळवते. आत्यानं वर्तमानपत्र उघडून जाहीर केलं, "आज रेल्वेच्या नादी लागू नका, पाण्यात जा." घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे तसंही रविवारच योग्य होता.

गिरगावातून गेटवेला टॅक्सीनं गेलो. ह्यांनी गणित मांडलं होतं. चौघांना एसी बसचे 48 आणि टॅक्सीचे सत्तर-ऐंशी. एकटा माणूस असेल तर बस, चौघं असतील आणि अंतर तीन-चार किलोमीटरचं असेल तर टॅक्सी फारशी महाग पडत नाही. मुंबईत नवखी माणसं बस स्वस्त म्हणून तंगडतोड करतात. आधी माणसं मोजावीत.

घारापुरीचा प्रवास म्हणजे पैसे देण्याचा एक वेगळाच प्रकार आहे. एकदा दिले आणि सुटलो असं नाही. गेटवेच्या खिडकीवर लाँचचं जाता-येताचं तिकीट घेतलं. लाँचमध्ये बसलो, किनारा जरा लांब गेला, तेवढ्यात एक पोऱ्या आला, "वर बसायचं तर दहा रुपये." वरच्या डेकचे दहा वेगळे, रोख, आणि ते पाण्यात आल्यावर घेणार. नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण तोवर वरचा वारा आणि सीगल दिसायला लागलेले असतात. तासाभरानं धक्क्यावर उतरलो तर तिथून पायऱ्यांपर्यंत छोटी रेल्वे, तिचं तिकीट. मग ग्रामपंचायतीचा कर. मग पायऱ्या, शंभराच्या वर, दोन्ही बाजूंना दुकानं. डोलीवाले सासूबाईंभोवती जमले, दर सांगू लागले. त्यांनी काठी आपटून "मी जोतिबा चढून येत्ये" असं सांगितल्यावर पांगले. वर गेल्यावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट, भारतीयांना 40 रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना माफ. सईला नुकतंच पंधरावं संपलेलं, त्याचं तिला इतकं वाईट वाटलं की विचारू नका.

हे पैसे वेगवेगळ्या खिशांत जातात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे हे मला मान्य आहे. लाँचवाल्यांची संघटना वेगळी, ग्रामपंचायत वेगळी, पुरातत्त्व खातं वेगळं. तिथल्या गावकऱ्यांचं पोट या लाँचवर आहे आणि बेटावर कायमची वीज आली तीच 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. ग्रामपंचायतीचा कर मी खुशीनं दिला. तरी गेटवेला एखादा फलक असावा, 'एकूण एवढे लागतील, त्यातले एवढे रोख' असा. आता बेटावरच्या काकडी-कैरीच्या टोपल्यांपाशीसुद्धा क्यूआर कोड लटकलेले दिसतात. पण वरच्या डेकचे दहा रुपये मात्र रोखच.

त्रिमूर्तीसमोर सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. तिथं पैशाचा विषय कुणी काढला नाही.

सोमवार

आज लोकल. हा दिवस मला सविस्तर लिहायचाय, कारण नवख्या माणसाची खरी तारांबळ इथंच उडते, आणि ती पैशामुळे नाही. दहा किलोमीटरपर्यंत सेकंड क्लासचं तिकीट 5 रुपये आहे. पाच! चर्नी रोड ते दादर तेवढ्यात बसतं. आम्ही निघालो त्याच आठवड्यात, 26 डिसेंबर 2025 पासून, लांबच्या गाड्यांचं भाडं किलोमीटरमागं पैसा-दोन पैशांनी वाढलं, पण लोकलला हात लागला नाही. चौघं वीस रुपयांत गिरगावातून शिवाजी पार्कला. कोल्हापुरात एवढ्यात चार कटिंगही धड येत नाहीत.

फर्स्ट क्लासचं कमीत कमी तिकीट 25, म्हणजे पाचपट. पाचपट पैसे देऊन काय मिळतं? थोडी मऊ गादी आणि जरा कमी गर्दी. डबा मात्र त्याच गाडीला, त्याच वेळी पोचणारा. गर्दीच्या वेळी फर्स्ट क्लासमध्येही उभंच राहायचं असतं. त्यात घाईघाईत सेकंडचं तिकीट हातात धरून फर्स्टच्या डब्यात चढलं आणि टीसी भेटला की दंड. विनातिकीट असाल तर भाड्यावर किमान 250 रुपये. डब्यावरच्या पट्ट्या आणि 'प्रथम श्रेणी' ही अक्षरं गाडी थांबायच्या आत वाचण्याचा सराव आपल्याला नसतो, म्हणून माझा सल्ला एकच, सेकंडचं तिकीट काढा आणि दुपारी अकरा ते चार फिरा. एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला सुरू झाली, तिचं भाडं वेगळं आणि तिकीटही वेगळं. साध्या तिकिटावर 'आलीच आहे तर बसू' म्हणून त्यात चढायचं नाही.

तिकीट काढायचे रस्ते तीन. खिडकी, मशीन आणि मोबाइल. ह्यांनी कोल्हापुरातच रेल्वेचं रेलवन अ‍ॅप घेऊन वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवले होते. चौघांचं तिकीट एकदम काढतो म्हणाले. आत्या दारात चपला घालत होती, ती तिथूनच ओरडली, "अरे, एकाच फोनवर चौघांचं काढशील आणि बायका चढतील लेडीज डब्यात! टीसीला काय दाखवणार, तुझा फोटो?"

हे कुठल्याच माहितीत लिहिलेलं मला सापडलं नव्हतं. मोबाइलचं तिकीट ज्या फोनवर काढलं त्याच फोनमध्ये, अ‍ॅप उघडूनच दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणजे कुटुंबाचं तिकीट नवऱ्याच्या खिशात आणि बायको चार डबे पुढं, अशा वेळी बायको विनातिकीट. तेव्हा एकतर सगळ्यांनी जनरल डब्यात एकत्र चढायचं, नाहीतर बायकांची तिकिटं वेगळी आणि ती त्यांच्या हातात.

मग आमची तिघींची कागदाची काढली. चर्नी रोडच्या मशीनपाशी एक निवृत्त रेल्वेवाले काका उभे होते. रेल्वे अशा माणसांना मशीनवर तिकिटं काढून द्यायला कमिशनवर नेमते. आपण स्टेशनचं नाव तोंडातून काढेपर्यंत त्यांचं बोट दादरवर पोचलेलं असतं. नकाशावर दादर, मग तीनचा आकडा, मग सेकंड, मग सिंगल की रिटर्न एवढंच तोंडानं विचारायचं आणि खालून तिकिटाचा कागद. मी त्यांचं बोट मागं-पुढं होताना पाहत होते, पडद्याकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. ते मागच्या माणसाशी क्रिकेटवर बोलत होते.

सकाळी सगळी मुंबई दक्षिणेला येते आणि आम्ही उत्तरेला निघालेलो, त्यामुळे लेडीज डबा जवळजवळ रिकामा. सासूबाईंना खिडकी मिळाली. स्टेशनवर फाटक नाही, दार नाही, कुणी तिकीट बघत नाही, याचं त्यांना भारी नवल. "मग काढायचं तरी कशाला?" असं त्यांनी मोठ्यानं विचारलं आणि समोर मेथी निवडत बसलेल्या दोघी खो खो हसल्या. त्यातली एक म्हणाली, "मावशी, ज्या दिवशी नाही काढत ना, त्याच दिवशी टीसी येतो."

परतीचं तिकीट आम्ही आधी काढलं नव्हतं, कारण दमलो तर टॅक्सी करू असा विचार होता. दमलो नाही. दादरला स्टेशनच्या तोंडाशी येऊन हे फोनवर तिकीट काढायला लागले, तर अ‍ॅप नाही म्हणे. रुळांच्या फार जवळ उभं राहून मोबाइलचं तिकीट निघत नाही, तो नियमच आहे. नाहीतर टीसी दिसला की लोक गाडीतच तिकीट काढतील. मग हे फोन समोर धरून फुलबाजारात उलटे चालत गेले. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, डोक्यावर हारांची टोपली घेऊन पळणारी माणसं, आणि त्यातून मागं सरकणारे आमचे हे. एका फुलवाल्यानं न बघताच सांगितलं, "अजून थोडं मागं, त्या पोत्यापाशी येतं नेटवर्क पण, तिकीट पण." पोत्यापाशी खरंच आलं.

मंगळवार

शेवटचा दिवस बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी. जाताना लोकल, तिकीट वीस रुपयांच्या आत. उद्यानात प्रवेशाचं वेगळं, लेण्यांपर्यंतच्या बसचं वेगळं, लेण्यांचं वेगळं. घारापुरीनंतर याचं काही वाटलं नाही. पाण्याच्या कोरीव टाक्या बघून हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या नळयोजनेवर बोलत राहिले, ते इथं लिहीत नाही.

येताना मेट्रोनं यायचं ठरलं होतं आणि त्याची तयारी सईनं आदल्या रात्री केली होती. नकाशावर बोरिवलीहून गिरगाव म्हणजे तीन मेट्रो. राष्ट्रीय उद्यान ते गुंदवली मेट्रो 7, तिथून पादचारी पुलानं पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकात जाऊन मेट्रो 1, तिच्यानं मरोळ नाका, आणि तिथून जमिनीखालच्या मेट्रो 3 नं थेट गिरगाव. तीन मार्ग, तीन वेगळ्या कंपन्या चालवतात. पहिली 2014 ची, वर्सोवा ते घाटकोपर. सातवी 2022-23 मध्ये आली. तिसरी तुकड्यातुकड्यानं सुरू होत ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. ज्या दिवशी तिच्या शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी, 8 ऑक्टोबरला, 'मुंबई वन' नावाचं अ‍ॅपही आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट, ठाणे-नवी मुंबईच्या बसगाड्या अशा अकरा सेवांची तिकिटं एका जागी. सईनं स्वतःचं, ह्यांचं आणि माझं तिकीट त्यावर काढलं.

सासूबाई म्हणाल्या, "माझं माझ्या हातात पाहिजे." कालचा आत्याचा धडा त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता.

त्यामुळे आमच्यात दोन पक्ष पडले, मोबाइलवाले आणि कागदवाल्या. राष्ट्रीय उद्यान स्थानकात खिडकीवर सासूबाईंचं कागदी तिकीट घेतलं, त्यावर छापलेला क्यूआर. त्यांनी ते चार घड्या करून रुमालात बांधलं. गुंदवलीला बाहेर पडताना उघडलं तर घडी बरोबर क्यूआरच्या मधून गेलेली. फाटक ढिम्म. सुरक्षारक्षक मुलगी आली, तिनं तिकीट फाटकाच्या काचेवर तळहातानं दाबून सपाट केलं, दोनदा फिरवलं आणि दारं उघडली. "आजी, पुढच्या वेळी घडी बाजूला घाला हां." सासूबाई नंतरची दोन्ही तिकिटं हातात, वहीत पिंपळपान ठेवतात तशी, सरळ धरून चालल्या.

मोबाइलच्या पक्षाची फजिती वेगळी. तीन माणसांचे तीन क्यूआर एकाच फोनवर. सई फाटकाच्या अलीकडे उभी, आधी माझा दाखवला, मी गेले, मग बोटानं सरकवून ह्यांचा, मग स्वतःचा. मागं रांग, रांगेत नुसते सुस्कारे. बँकेच्या रुपे कार्डावर एनसीएमसीचं, म्हणजे प्रवासाच्या सामायिक कार्डाचं, चिन्ह असेल तर मेट्रोच्या फाटकावर नुसतं टेकवून जाता येतं, ह्यांच्याकडे तसं कार्ड होतंही. पण एका कार्डावर एका वेळी एकच माणूस आत जातो. एकट्यानं फिरणाऱ्याला ते सगळ्यात सोपं. कुटुंबाला उपयोग नाही. आणि लोकलला ते चालतच नाही.

तरी हिशेब बघा. आम्हा तिघांना तीन मेट्रोंसाठी एकदाच काय ते फोनवर पैसे द्यावे लागले. सासूबाईंसाठी तीन खिडक्या, तीन रांगा. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. पण मरोळ नाक्याला तिसऱ्या खिडकीपाशी उभं राहून मला वाटलं, आजीबाईंना कागदच हवा असेल तर तो तरी एकच का मिळू नये? रांगेत आमच्या पुढं नालासोपाऱ्याहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांचाही हाच प्रश्न. मुंबईत तिकीट स्वस्त आहे, ते काढणं महाग पडतं.

मेट्रो 3 मध्ये शिरताना एक काळजी घ्यावी. ती सुरू झाली तेव्हा भुयारात मोबाइलला रेंज नसते ही बातमी आमच्या गल्लीपर्यंत पोचली होती. स्थानकात तिकिटापुरतं वायफाय दिलं आहे, पण सईनं वरच, उजेडात, सगळं उरकून ठेवलं होतं. आयत्या वेळी खाली उतरून यूपीआयचं चाक फिरताना बघत बसण्यापेक्षा ते बरं. भाडं 10 पासून 70 पर्यंत. गाडी मिठी नदीच्या खालून जाते हे ह्यांनी सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी छताकडे बघून हात जोडले. सिद्धिविनायक स्थानक आलं आणि मंगळवार असल्यामुळे डबा एकदम भरला. जास्वंदीचे हार, दूर्वा, पेढ्यांचे खोके, कपाळावर ओला शेंदूर. एका काकांनी जागा मिळाल्या मिळाल्या खोका उघडून सगळ्यांना प्रसाद वाटायला सुरुवात केली. गिरगावला सरकते जिने चढून वर आलो तेव्हा आत्या कोपऱ्यावर उभी होती, "किती लागले?" विचारत.

रात्री सीएसएमटीला पुन्हा टॅक्सी. गाडी सुटायच्या आधी सई वडलांच्या फोनमधली अ‍ॅप काढून टाकत होती, फोटोंना जागा हवी म्हणून. मुंबई वन गेलं. रेलवनवर बोट ठेवलं तसं ह्यांनी फोन हिसकावून घेतला. वॉलेटमध्ये चाळीस-पन्नास रुपये शिल्लक होते. ते काही मुंबईतच अडकत नाहीत, कोल्हापूर-सांगलीचं साधं तिकीटही त्यातून निघतं. पुढच्या शनिवारी सांगलीजवळ हरिपूरला जायचंच आहे, तेव्हा संपतील.